मोडायला घ्यायचं हेलिकॉप्टर

कल्याणजवळच्या विठ्ठलवाडीत आकाश सलग मिळत नाही. फलाटावर उभं राहिलं की ते ओव्हरहेड वायरींनी आखलेलं दिसतं. गल्लीत शिरलं की केबलवाल्यांनी आपापसांत वाटून घेतलेलं. गच्चीवर जावं तर पाण्याच्या टाक्या, मोबाइलचे टॉवर आणि शेजारी नव्याने चढत चाललेले मजले यांतून जे उरेल ते आपलं. लांबवर मलंगगड दिसतो, तेवढीच काय ती डोळ्यांना मोकळीक. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाने पन्नाशी उलटल्यावर रिमोटचं हेलिकॉप्टर घ्यायचं म्हटलं, तर लोक हसणारच. आमच्या वॉचमनने हसू दाबून विचारलं, "नातवासाठी का साहेब?" नातू नाही म्हटल्यावर त्याला माझी दयाच आली असावी. त्याने विषय पाण्याच्या टँकरवर नेला.

खरं तर उडवण्याचा नाद विठ्ठलवाडीत करायचाच असेल, तर हेलिकॉप्टर हाच त्यातल्या त्यात शहाणा नाद. विमानाला सतत पुढे जात राहावं लागतं, आणि आमच्याकडे पुढे जायला जागा नसते. पाच-पन्नास पावलांवर कुणाची तरी खिडकी येते. हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही. ते उभ्याने वर जातं, उभ्याने खाली येतं, आणि मधल्या वेळात एका जागी थांबू शकतं. सोफा भिंतीला सरकवला की वन-बीएचकेचा हॉलही त्याला पुरतो. अडचण एवढीच, की हे एका जागी थांबणं हीच त्यातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. ते कळायला मात्र ते विकत घ्यावं लागतं, आणि कुठलं घ्यायचं ते कळायला आधी हे कळलेलं असावं लागतं.

खरेदीला उल्हासनगरला जाणं आमच्याकडे ओघानेच येतं. खेळण्यांच्या दुकानात हेलिकॉप्टरांची खोकी छतापर्यंत रचलेली होती. प्रत्येकावर ढगांतून झेपावणारं लढाऊ यंत्र, आत मात्र हाताच्या पंजाएवढं प्लास्टिक. दुकानदाराने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि निकाल दिला, "बच्चा चलाएगा तो ये ले जाओ साहब. आप चलाओगे तो भी यही ले जाओ." त्या वाक्यात बरंच शहाणपण होतं. पण 'यही' म्हणजे काय ते समजून घ्यावं म्हणून मी त्या दिवशी रिकाम्या हाताने परतलो.

खोक्यावर दिवे, कॅमेरा, मेटल बॉडी असं पुष्कळ काही छापलेलं असतं. त्यातला कामाचा आकडा एकच: किती चॅनल. चॅनल म्हणजे तुमच्या हाताला यंत्राच्या किती हालचाली वेगवेगळ्या सांगता येतात, त्यांची संख्या. दोन चॅनल म्हणजे वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे वळणं. हाँगकाँगच्या सिल्व्हरलिट कंपनीचं पिकू-झी २००६ मध्ये आलं ते असं होतं. वजन जेमतेम दहा ग्रॅम. तिसऱ्या चॅनलने पुढे-मागे जाता येतं. सायमा कंपनीचं एस-१०७ हे या जातीतलं सगळ्यात गाजलेलं. चौथ्या चॅनलने बाजूला सरकता येतं, आणि तिथून खरं हेलिकॉप्टर सुरू होतं. सहा चॅनलला पोहोचलं की पात्यांचा कोनच हवेत बदलता येतो. मग यंत्र पाठीवरही उडतं आणि चालवणाऱ्याची झोप उडवतं.

तीन चॅनलवाल्यांना एकाच दांड्यावर, एकावर एक असे दोन पंखे असतात, एकमेकांच्या उलट फिरणारे. पंखा एका दिशेने फिरला की खालचं धड उलट दिशेने फिरू पाहतं. दोन पंखे उलटसुलट फिरवले की ही ओढ आपसांतच मिटते आणि ती आवरण्याचं काम शेपटीला उरत नाही. ही खेळण्यातली पळवाट म्हणून कुणी हिणवू नये. आपल्या नौदलाची कामोव्ह-२८ आणि कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरं याच घडणीची आहेत. युद्धनौकेच्या आखूड डेकवर लांब शेपटी अडचणीची, म्हणून ही रचना. दिवाणखान्याची अडचणही फारशी वेगळी नसते.

असं हेलिकॉप्टर हातातून सोडलं तरी फारसं बिघडत नाही. ते डुलत डुलत स्वतःच स्थिर होतं. त्याची दोन दुखणी आहेत. पहिलं म्हणजे यातल्या स्वस्त यंत्रांचा रिमोट टीव्हीच्या रिमोटसारखा इन्फ्रारेड किरणांवर चालतो, आणि उन्हात त्या यंत्राला आपला हुकूम दिसेनासा होतो. दुसरं दुखणं जास्त खोल आहे. ते इतकं समजूतदार असतं की तुम्हाला काहीच शिकवत नाही. आठवड्याभरात तुम्हाला वाटतं की आपल्याला जमलं. जमलेलं असतं ते त्याला.

एका पंख्याचं हेलिकॉप्टर असे लाड करत नाही. तिथे धडाची उलट ओढ शेपटीचा छोटा पंखा आवरतो. पण शेपटीने बाजूला ढकललं की अख्खं यंत्र त्या बाजूला वाहू लागतं. ते थोपवायला मुख्य पंखा किंचित दुसऱ्या बाजूला कलता ठेवावा लागतो. म्हणून हवेत अगदी निश्चल उभं असलेलं हेलिकॉप्टर नीट पाहिलं तर जरासं तिरकं असतं. थ्रॉटल, म्हणजे पंख्याचा वेग, वाढवला की शेपटी हलते, शेपटी सावरली की उंची बदलते, उंची सावरावी तर ते भिंतीकडे निघालेलं असतं. सकाळच्या कर्जत लोकलमध्ये कडी न धरता उभा राहणारा माणूस जे करतो, तेच इथे अंगठ्यांना करावं लागतं. तो वरून स्थिर दिसतो; पण पायांच्या बोटांपासून कमरेपर्यंत त्याचं शरीर क्षणाक्षणाला लहान लहान दुरुस्त्या करत असतं. दुरुस्ती उशिरा केली तर मोठी करावी लागते, आणि मोठी केली की शेजारच्यावर जाऊन आदळतो.

यात किती दुरुस्त्या यंत्राने करायच्या आणि किती आपण, हाच निवडीचा खरा प्रश्न. पूर्वी हे काम मुख्य पंख्याला काटकोनात बसवलेली, टोकांना वजनं असलेली दांडी करायची. आता फोनमध्ये असतो तसला नखाएवढा जायरो करतो. हवेचा दाब मोजून उंची आपणच राखणारी यंत्रंही मिळतात. थ्रॉटल सोडला तरी ती त्याच उंचीवर थांबतात. होरायझन हॉबी या अमेरिकी कंपनीच्या ब्लेड २३० एस या मॉडेलच्या रिमोटवर तर 'घाबरलो' म्हणायचं बटणच आहे. ते दाबलं की यंत्र स्वतःला सरळ करून घेतं. असं बटण माणसाला इतरत्रही मिळालं असतं तर बरं झालं असतं.

सोसायटीतला एक मुलगा कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये होता. तिथे एरोमॉडेलिंग शिकवतात. मी त्याच्यासमोर माझी यादी ठेवली, सहा चॅनलपासून खाली. त्याने ती न वाचताच विचारलं, "काका, तुम्हाला उडवायचंय की दाखवायचंय?"

"उडवायचंय."

"मग आधी मोडायचंय. मोडल्यावर पार्ट मिळतील ते घ्या. बाकी सगळी सारखीच."

त्याचं बोलणं मला तेव्हा जरा उद्धट वाटलं. पुढे हेलिकॉप्टरचा इतिहास वाचताना कळलं की तो बोलत होता ते या यंत्राच्या जन्मापासून चालत आलेलं आहे. प्रिन्स्टनला गणित शिकलेला आर्थर यंग हा तरुण १९२८ मध्ये हेलिकॉप्टरच्या मागे लागला. सुरुवातीला त्याने मोठी यंत्रं करून पाहिली. मोठं यंत्र बांधायला महिने लागत आणि मोडायला क्षण. महिन्यांच्या बदल्यात एखादाच धडा मिळे. मग तो लहान मॉडेलांकडे वळला. पेनसिल्व्हेनियात पाओली इथल्या एका जुन्या कोठारात विजेच्या मोटरवरची, लांबून चालवायची हेलिकॉप्टरं तो उडवी, पाडी आणि पुन्हा जोडी. पंख्याखालची ती वजनदार दांडी तिथेच तयार झाली. १९४१ मध्ये बफेलोला बेल कंपनीत त्याने आपलं मॉडेल उडवून दाखवलं आणि कंपनीने त्याला ठेवून घेतलं. त्यातून पुढे आलेलं बेल-४७ हे नागरी वापराचा परवाना मिळालेलं जगातलं पहिलं हेलिकॉप्टर. तारीख ८ मार्च १९४६. म्हणजे आपण खेळणं हे मोठ्या यंत्राची नक्कल समजतो, आणि इथे मोठं यंत्रच खेळण्यातून निघालं. लहान, हलकं, पुन्हा जोडता येण्याजोगं काही मोडायला मिळालं म्हणून ते निघालं.

यंग हेलिकॉप्टरवर काम करत होता, त्या दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आमच्या बाजूला दोन गोष्टी घडत होत्या. इंग्रज सरकारने कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभारली आणि नेवाळीच्या माळावर शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी बांधली. छावणीच्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वस्तीची नगर म्हणून पायाभरणी झाली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. अजूनही तिथल्या पत्त्यांत बराक नंबर असतो. सगळं मागे टाकून आलेल्या माणसांनी हाताला मिळेल ते उघडून, पाहून, पुन्हा बनवून विकायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या मालाची 'मेड इन यूएसए' म्हणून चेष्टा झाली: उल्हासनगर सिंधी असोसिएशन. चेष्टा करणाऱ्यांनी माल मात्र तिथूनच घेतला. नेवाळीच्या जमिनीचा प्रश्न अजून धुमसतो आहे. जून २०१७ मध्ये तिथे नौदल घालत असलेल्या कुंपणावरून शेतकरी रस्त्यावर उतरले आणि आंदोलन चिघळलं. धावपट्टी जवळच असून आमच्यासारख्या हौशी माणसाला तिचा उपयोग नाही, आणि ज्यांची ती जमीन होती त्यांनाही नाही.

उल्हासनगरचा वारसा मात्र हेलिकॉप्टरवाल्याच्या कामाचा आहे. इथे सोल्डरिंगची गन धरलेला माणूस गल्लीगल्लीत सापडतो. मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर बसलेल्या पोराने मी पुढे घेतलेल्या यंत्राची केसासारखी बारीक वायर भिंगाखाली जोडून दिली आणि पैसे सांगताना म्हणाला, "काका, पुढच्या वेळी मोटर पण आणा, बदलून देतो." पुढची वेळ येणार हे त्याने गृहीतच धरलं होतं. विठ्ठलवाडीच्या एसटी आगाराशेजारून जाताना मला अलीकडे तिथल्या वर्कशॉपबद्दल जास्त आदर वाटतो. गाडी बिघडणारच हे धरून चालणारी माणसंच ती रोज रस्त्यावर आणू शकतात.

दुरुस्तीलाही मर्यादा असते. पातं तडकलं तर ते चिकटवायचं नाही, नवं लावायचं. आणि शक्यतो जोडीने बदलायचं, म्हणजे दोन्हीचं वजन सारखं राहतं. फिरत्या पात्याशी दोस्ती होत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगी गावात वेल्डिंगच्या कामातून शिकत गेलेल्या एका तरुणाने स्वतः हेलिकॉप्टर बांधलं. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणीच्या वेळी मागचं पातं तुटून मुख्य पंख्यावर आदळलं, आणि त्या पंख्याने त्याचा जीव घेतला. तीस-चाळीस ग्रॅमच्या खेळण्याचं पातं बोटावर वळ उठवून थांबतं. हातभर लांब पात्यांचं मॉडेल हाड तोडतं, आणि अशा मोठ्या मॉडेलांनी परदेशात माणसं दगावलीही आहेत. म्हणून पहिलं यंत्र हलकं असावं, हे कंजुषीतून आलेलं मत नाही. हलकी वस्तू पडते तेव्हा तिचं स्वतःचंही कमी मोडतं. दहापट जड यंत्र त्याच उंचीवरून दहापट मार घेऊन खाली येतं.

या सगळ्या विचाराअंती मी घेतलं ते चार चॅनलचं, एका पंख्याचं, न बदलणाऱ्या कोनाच्या पात्यांचं, तळहातावर मावणारं हेलिकॉप्टर. डब्ल्यूएलटॉइजच्या व्ही-९११ ने ही जात सर्वदूर पोहोचवली. त्याच्या डोक्यावर वजनांची ती दांडी आहे, आर्थर यंगच्या कोठारातली. रिमोट २.४ गिगाहर्ट्झवर चालतो, त्यामुळे उन्हाचं भय नाही. डावी काडी उंची आणि शेपटीची, उजवी पुढे-मागे आणि बाजूची. याला मोड-२ म्हणतात, आणि आपल्याकडे बहुधा हाच मिळतो. घेताना तेवढं विचारून घ्यावं, कारण एकदा अंगठ्यांत बसलेली सवय बदलायला फार त्रास पडतो.

शिकताना जे कळलं त्यात बरंचसं आपल्या स्वभावाच्या उलट जाणारं होतं. पडण्याच्या भीतीने नवखा माणूस यंत्र जमिनीलगत ठेवतो, आणि नेमकं तिथेच ते सगळ्यात जास्त हेलकावतं, कारण पंख्याने खाली ढकललेली हवा फरशीवर आपटून परत त्याच्याच पोटाशी येते. न घाबरता छातीपर्यंत वर नेलं की ते शांत होतं. दुसरं म्हणजे यंत्र आदळणार असं दिसलं की हात आपोआप थ्रॉटल वाढवतो. करायचं असतं उलट: थ्रॉटल तत्काळ शून्यावर. थांबलेला पंखा पडला तर बहुतेक वेळा काही होत नाही, फिरता पंखा आदळला तर गिअरचे दात जातात. उडायला शिकण्याच्या आधी नीट पडायला शिकावं लागतं. पहिले कित्येक दिवस शेपटी आपल्याकडे ठेवूनच उडवावं. तोंड आपल्याकडे वळलं की डावं ते उजवं होतं आणि ओळखीचा अंगठा परक्यासारखा वागतो. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर आहे त्यांनी सिम्युलेटरवर ही वळणं घोटावीत. तिथे मोडण्याला पैसे पडत नाहीत.

बॅटरी लिथियम पॉलिमरची असते. पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट, ३ व्होल्टच्या खाली गेली की ती मरणपंथाला लागते. म्हणून यंत्राची उभारी कमी झाल्यावर आणखी एक फेरी मारण्याचा मोह आवरावा. चार्जिंग फरशीवर, डोळ्यांसमोर. गादीवर नाही, रात्रभर नाही. फुगलेली बॅटरी पुन्हा लावायची नाही.

बाहेर उडवायचं तर पहाटे. दुपारनंतर खाडीकडून वारा सुटला की तीस-चाळीस ग्रॅमचं यंत्र वालधुनी नदीच्या दिशेने निघून जातं. कावळ्यांनाही त्याचा राग येतो. रेल्वेजवळ मात्र अजिबात नको. त्या वायरींमध्ये २५,००० व्होल्ट असतात; तिथे अडकलेलं हेलिकॉप्टर गेलं असं समजावं. कायद्याचंही भान हवं. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतची यंत्रं नॅनो वर्गात येतात आणि त्यांना पायलटचा परवाना लागत नाही. पण सणावारांना किंवा बंदोबस्ताच्या काळात पोलीस मनाई आदेश काढतात आणि त्यांत रिमोटवर उडणाऱ्या वस्तूंचाही समावेश असतो. अंबरनाथला आयुध निर्माणी आहे, त्या बाजूला आकाशात काही सोडण्याचा विचारही करू नये.

बाजारही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, आणि फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी ड्रोन आणण्यावर बंदी आली. आज फळीवर असलेलं मॉडेल पुढच्या दिवाळीत दिसेलच असं नाही, आणि मॉडेल गेलं की त्याचे पार्टही जातात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत लोकलने जाऊन एका गिअरसाठी दुकानं पालथी घालणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं हेलिकॉप्टर महागडं होतं, फक्त जमिनीवर होतं.

म्हणून पहिलं हेलिकॉप्टर घ्यायला निघालेल्यांना माझं सांगणं एवढंच. दुकानात गेल्यावर खोक्यातलं हेलिकॉप्टर आधी मागू नका, त्याची सुटी पाती मागा. मग शेपटीची मोटर, गिअर आणि जास्तीची बॅटरी मागा. हे सगळं समोर आलं तर हेलिकॉप्टरही घ्या. नाही आलं, तर ते कितीही देखणं असलं तरी तसंच फळीवर राहू द्या.